गल्ली नंबर पाच, फेझ

सी द्रिस, तुमच्याआधी तुमच्या बायकोचं नाव घेतो, राग मानू नका. लल्ला झोर. आमच्याकडे पंगतीत पहिलं पान कुणाला वाढलं यावरून माणसं रुसतात आणि तुम्हीही रुसणाऱ्यांतलेच होतात, पण या गोष्टीत पहिलं पान तिचंच आहे. मी ज्या हॉटेलात कामाला होतो ते बंद पडलं, मालक शटर ओढून निघून गेला आणि मी बॅग मांडीवर घेऊन जुन्या शहराच्या निळ्या दरवाजाजवळच्या कट्ट्यावर बसून होतो, तेव्हा तुम्ही मला घरी आणलंत हे खरं. पण तुम्ही आणलं होतं चहापुरतं. गच्चीवरच्या खोलीतल्या कोंबड्या खाली नेऊन तिथे माझी गादी घातली ती तिने. धुळ्याचे नाना हरवले त्या दिवशी त्यांना बसवून ठेवलं, खाऊ घातलं, तेही तिने. आणि शेवटी घर नातेवाइकांनी भरलं, मी आपला जिन्यात लोकांच्या चपला सरळ करत उभा होतो, तेव्हा हाताला धरून मला तुमच्या उशाशी नेलं तेही तिनेच. माझ्यासारखा सारखा घाबरणारा माणूस परमुलखात टिकला तो असा, कुणीतरी हाताला धरत गेलं म्हणून.

तुम्ही गेलात ते सकाळी, दुकानांच्या फळ्या निघायच्या वेळेला. कित्येक आठवडे झाले तरी अजून तुमच्या अंगणात पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या तशाच आहेत. त्यातल्याच एकीवर बसून हे लिहितोय. तुम्हाला हे वाचता येणार नाही. मला तरी तुमची अक्षरं कुठे वाचता येत होती. आठवीत शाळा सुटली तेव्हा माझ्याजवळ एक लिपी होती, आजही तेवढीच आहे. दुकानाची पाटी बघून मी कधी रस्ता ओळखला नाही, आणि तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. फक्त पाटी दाखवायचं सोडून वास दाखवायला लागलात. इथे देवदाराचा भुसा, इथे ओली लोकर, इथे जिरं. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. तुम्हाला आभार मानलेले आवडत नव्हतेच. 'आभार पर्यटक मानतात,' म्हणायचात.

हे धुळ्या-जळगावकडचं कुणी वाचेल, म्हणून सांगतो. 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'आबा', 'लल्ला' म्हणजे 'माई'. हे सी द्रिस फेझच्या जुन्या शहरातून पाहुण्यांना पायी फिरवायचे. मोरोक्कोतलं ते शहर असं आहे की आत गाडी जात नाही, सामान गाढवावरून येतं, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची. गळ्यात सरकारी बिल्ला, अंगात पायघोळ झगा, डोक्यावर लाल टोपी. आणि मी भिकन, नरडाण्याजवळचा. धुळ्याला गॅस सिलिंडरची हातगाडी ओढली, मग आखातात भांडी घासली, मग कांदा कापला, मग इथे त्या बंद पडलेल्या हॉटेलात भाजी फोडणीला टाकत होतो. तुमची रोजची अरबी मी त्या स्वयंपाकघरातच शिकलो, त्यामुळे माझ्या बोलण्यात शिव्या जास्त आणि आदर कमी होता. लल्ला झोरने तो हळूहळू उलटा केला.

आपला पहिला वाद झाला तो पुढे कोण चालणार यावरून. आपल्याकडच्या पाहुण्यांना तुमचं बोलणं मराठी-हिंदीत सांगायला तुम्ही मला बरोबर घेतलंत. पहिल्या दिवशी मी छत्री उंच धरून ऐटीत पुढे निघालो आणि तुम्ही शेवटच्या बाईच्याही मागे जाऊन उभे राहिलात. मला वाटलं, थकले असतील. संध्याकाळी विचारलं तर म्हणालात, 'रस्ता काय, गाढवालाही माहीत असतो. गाईड माणसं मोजायला लागतो.'

'पण पाहुण्यांना साहेब पुढे दिसायला पाहिजे ना?'

'पुढे चालणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो, वलदी. तो मी पाहिलाय.'

वलदी म्हणजे पोरा. तेव्हापासून पुढे मी, मागे तुम्ही. थांबलो की तुम्ही बोलायचं, मी उलथून मराठीत वाढायचं. तुम्ही एक वाक्य बोलायचात आणि माझी तीन व्हायची. तुम्हाला संशय यायचा. 'मी एवढं बोललो?' तुम्ही भुवई वर करून विचारायचात.

दुसरा वाद मात्र मिटलाच नाही. तो धुळ्याच्या गल्ल्यांचा. गच्चीवर पुदिन्याचा चहा घेताना मी सहज म्हणालो, की मी जिथे हातगाडी ओढली त्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर एक, दोन, तीन, अशा. दोरी लावून आखल्यासारख्या, एकीला लागून एक. माणूस पत्ता सांगताना नाव नाही सांगत, नंबर सांगतो. तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात. लल्ला झोरला हाक मारलीत. 'ऐक, हा काय म्हणतो. याच्या गावात गल्ल्या मोजून ठेवल्यात.' आणि मग कितीतरी दिवस जो भेटेल त्याला तुम्ही ते सांगत होतात. तांबटाला, रंगाऱ्याला, मशिदीच्या दारातल्या फकिराला. लोक माझ्याकडे दया आल्यासारखं बघायचे.

'सरळ गल्ली म्हणजे काय,' तुम्ही म्हणायचात. 'तोंडाशी उभं राहिलं की शेवट दिसतो. संपली. तिथे फिरवणार काय? गाईड उपाशी मरेल.'

मी चिडायचो. मी तसा चिडणारा नाही, भिणारा आहे, पण यावर चिडायचो. म्हणायचो, सरळ दिसते म्हणून ती कळत नाही. सकाळी सिलिंडर घेऊन जा म्हणजे कळेल. एका दारात आजी नुसत्या हाताने थांबवते, तिची सून जोरात बोलते, शेजारची कडी वाजवल्याशिवाय येत नाही, समोरचा माणूस सिलिंडर हलवून बघितल्याशिवाय घेत नाही. सरळ गल्लीतही दारादाराला वळण असतं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, 'मग चालवून दाखव कधी. मी मागे चालेन.'

मी हो म्हणायचो. कधी, ते दोघांनीही विचारलं नाही.

मग तो खानदेशचा ग्रुप आला. माझ्या मुलखातला पहिला. धुळ्याच्या एका ओळखीच्याने सहल काढणाऱ्यांना माझा नंबर दिला आणि एवढंच सांगितलं, 'तठे आपला माणूस शे.' त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. तुम्हाला तेव्हाच धाप लागायला लागली होती. डॉक्टरने चढउतार बंद सांगितले होते, फ्रान्समधल्या तुमच्या मुलांनी फोनवर दम दिला होता. पण बिल्ला तुमच्या गळ्यात, माझ्या नाही. बिल्लेवाला बरोबर नसेल तर मला पाहुण्यांना एक पाऊल फिरवता येत नाही. मी म्हटलं, दुसरा कुणी बघू. तुम्ही झगा चढवत होतात. 'तुझ्या गावची माणसं येणार आणि मी गादीवर?'

लल्ला झोरने तुमच्या खिशात औषध ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मी आजही विसरलो नाही. मला दोनच गोष्टींची भीती होती. तुम्ही वाटेत बसलात तर या बाईला काय तोंड दाखवू, आणि गावाकडचं कुणी हरवलं तर धुळ्याच्या स्टँडवर पुन्हा कोणत्या तोंडाने उतरू.

निघताना तुम्ही जागा बदलल्यात. 'आज मी पुढे. माझ्यापेक्षा हळू कुणी चालणार नाही, म्हणजे कुणी मागे पडणार नाही. तू शेवटी.' हिशेब बरोबर होता. त्यात फक्त धुळ्याचे नाना धरलेले नव्हते.

नाना म्हणजे गल्ली नंबर पाचमध्ये ज्यांचं बांगड्या-कटलरीचं दुकान, आता मुलगा बघतो. पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा, आणि आयुष्यात कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवून बाहेर पडलेला माणूस. निळ्या दरवाजातून आत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी विचारलं, 'भिकन, ही कितवी गल्ली?'

'नाना, हिला मोठा उतार म्हणतात.'

'नाव नको सांगू. नंबर सांग.'

'नंबर नाहीत इथे.'

नाना थांबले. सगळा ग्रुप थांबला. 'आठे गल्लीसले नंबर नही शे? मंग पोस्टमन काय करस?'

मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही इतके खूश झालात की खोकला आला. 'सांग त्याला, आमचा पोस्टमन रिटायर झाला की पत्रं यायची थांबतात.'

नाना हसले नाहीत. त्यांना ती गैरसोय वाटली. म्हणाले, 'ऱ्हाऊ दे. मी देस नंबर.' आणि उजव्या हाताची पहिली गल्ली आली तसा काठी टेकवून म्हणाले, 'ही एक.' मग दोन आली. मग तीन. मागून बाकीचे धुळेकरही सामील झाले. 'नाना, चारमध्ये मटण मार्केट टाकलं यांनी.' 'तीनमध्ये पाणी साचेल बरं का पावसाळ्यात, उतार बघा.' रावेरकडच्या शकुंतलाअक्का, केळीच्या बागायतदारीण, त्यांना हे धुळ्याचं कौतुक सहन होईना. म्हणाल्या, 'काहून रे भाऊ, हे परदेशात आले का धुळ्याच्या आग्रा रोडवर?' मी शेवटी चालत होतो, डोकी मोजत होतो, आणि खरं सांगतो, त्या उतारावर पहिल्यांदाच मला परकं वाटत नव्हतं. माझं गाव माझ्या पुढे चालत होतं आणि त्याच्याही पुढे तुम्ही, भिंतीला हात लावत, हळू.

तेवढ्यात पाठीवर कातड्यांचे गठ्ठे लादलेली गाढवं आली. एकामागून एक. सगळे भिंतीला चिकटले, कुणी दुकानात शिरलं, अक्का एका मिठाईवाल्याच्या फळीवरच बसल्या. गाढवं गेली, सगळे निघाले, आणि खाली तांबटांच्या चौकात पोचल्यावर मी डोकी मोजली. पुन्हा मोजली. पांढरी टोपी नव्हती.

हातोड्यांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. फोन लावला तर नानांचा फोन अक्कांच्या पिशवीत वाजला. खिसा जड होतो म्हणून दिला होता म्हणे. तुम्ही एका पालथ्या घातलेल्या हंड्यावर बसलात. तुमचा श्वास वर-खाली होत होता, पण आवाज शांत. 'हरवलेला माणूस उतरतो. नेहमी. या शहरात पाय आपोआप खाली जातात, नदीकडे. खाली जाऊन बघ.' हे तुम्ही हयातभर बघितलेलं होतं. जपानी हरवले, फ्रेंच हरवले, सगळे खालीच सापडले.

मी निघालो आणि थांबलो. मी तुम्हाला तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हटलं, 'नाही सी द्रिस. हे धुळ्याचे आहेत. आमच्याकडे उतारच नाही. त्यांच्या पायांना तो कळणार नाही. ते मोजत गेले असतील.'

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग चौकातल्या सगळ्या माणसांकडे, जी आपल्याकडे बघत होती. आणि हात वर केलात. 'जा.'

मी वर पळालो. पळता पळता एकच वाक्य डोक्यात होतं, गाढवं यायच्या जरा आधी नाना जे बोलले होते: 'ही पाच. मनं दुकान हाईमाच.' म्हणजे माझं दुकान हिच्यातच. आपली गल्ली समोर आली आणि माणूस आत डोकावला नाही, असं धुळ्यात होत नाही. गाढवांच्या गडबडीत ते पाचात शिरले असणार. मी शिरलो. आत कुणी नव्हतं. गल्ली थोडी पुढे जाऊन वाकडी झाली. मी उभा राहिलो आणि स्वतःला विचारलं, भिकन, तू हातगाडी घेऊन पाचात आहेस, तुला सहामधून मोठ्या रस्त्याला लागायचंय, तू काय करशील. डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळायचं, की आलाच रस्ता. धुळ्यात येतो. इथे नाही येत, मला चांगलं माहीत होतं. तरी मी तसाच चाललो. डावीकडे, पुन्हा डावीकडे. जे चुकीचं आहे ते मुद्दाम, नानांच्या पायांनी. आणि तसं वळून बाहेर पडलो तर समोर आपल्याच मोहल्ल्याची भट्टी, जिथे घराघरांतून भाकरीच्या पराती भाजायला येतात. घरचाच वास. भट्टीच्या ओट्यावर पांढरी टोपी.

शेजारी लल्ला झोर बसली होती. ती आपली भाकरी न्यायला आली होती, तिने गुडघ्याला पट्टा बांधलेला एक परका म्हातारा काठी टेकत मोजताना बघितला आणि ओळखलं की हा माझाच कुणीतरी. ओट्यावर बसवलं, गरम भाकरी तोडून ऑलिव्हच्या तेलात बुडवून हातात दिली. ती तिच्या भाषेत बोलत होती, ते अहिराणीत. मी जवळ जाऊन ऐकलं तर दोघं गुडघ्यांबद्दल बोलत होते. ती हाताने दाखवत होती की जिना चढताना इथे कळ येते. नाना मान हलवत म्हणत होते, 'माले उतरताना, माय. चढताना काही नही.'

'नाना,' मी म्हणालो. मला रडू येत होतं. 'आम्ही सगळे शोधतोय. तुम्ही हरवलात.'

'मी कोठे हरायनू? मी आठेच बसेल शे. तुम्ही बठ्ठा हरायनात.' मग तोंडातला घास संपवून जरा खाली आवाजात म्हणाले, 'सहावी सापडनी नही रे.'

लल्ला झोरने उरलेली भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली, तुमच्यासाठी. नानांना म्हणाली, पुन्हा या. त्यांनी हात जोडले. दोघांनाही कळलं.

आम्ही चौकात उतरलो तेव्हा तांबटांनी हातोडे थांबवले होते. अख्खा चौक थांबला होता, सी द्रिस. तुम्ही हंड्यावरून उठलात. 'कुठे सापडला?'

'गल्ली नंबर पाच.'

तुम्ही हसायला लागलात. थांबेचनात. खोकला आला तरी हसत होतात, मला वाटलं आता पडतात. मग डोळे पुसून तुम्ही त्या तांबटांना मोठ्याने सांगितलंत की बघा, या पोराच्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत आणि म्हणून हा माणूस मिळाला. तोवर तीच गोष्ट तुम्ही माझी टर उडवायला सांगायचात. त्या दिवशी तुम्ही ती छाती पुढे काढून सांगितलीत. एका म्हाताऱ्या तांबटाने उठून मला पाणी दिलं. मी आयुष्यात पुष्कळांना पाणी दिलं आहे. मला असं उठून कुणी दिलं नव्हतं.

पुढची वाट तुम्ही आणि नाना हात धरून चाललात. एकाचा श्वास पुरेना, एकाचा गुडघा. दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. कातडी कमावतात तिथल्या गच्चीवर वास सहन व्हावा म्हणून प्रत्येकाला पुदिन्याची काडी देतात, नाकाला लावायला. अक्कांनी नाक मुठीत धरलं आणि सगळ्यांच्या काड्या गोळा केल्या. 'फेकून कशाला देता? संध्याकाळी चटणी होईन.' जिना उतरताना मी पुढे झालो, तुम्हाला धरायला. तुम्ही नजरेनेच परत मागे पाठवलंत.

आणि आपण पोचलो. खालच्या चौकात, बस उभी होती तिथे, सगळेच्या सगळे. तुम्ही तुमच्या पायांनी. आपल्याकडची माणसं सत्काराचं सामान घेतल्याशिवाय घर सोडत नाहीत, ते पिशवीतून निघालं. शाल होती, टोपी होती, नारळ नव्हता. विमानात चालतो की नाही या वादात तो घरीच राहिला होता. कुणीतरी धावत जाऊन खरबूज आणलं. गुच्छ म्हणून अक्कांनी तो पुदिना दिला, देताना माझ्या कानात म्हणाल्या, 'झालं का परत आणजो, चटणी करायची हाये.' नानांनी तुमच्या लाल टोपीवरच पांढरी टोपी चढवली. तुम्ही एका हातात खरबूज, एका हातात पुदिना, डोक्यावर दोन टोप्या, असे त्या चौकात उभे होतात आणि बायकांनी ओव्यांच्या चालीवर तुमचं नाव घालून काहीतरी म्हटलं. सत्काराच्या ऐन मध्यात एक गाढव आलं. सगळे भिंतीला लागले, तुम्ही पण, खरबुजासकट. गाढव गेलं, सत्कार पुढे सुरू झाला. तुमच्याकडचे लोक टाळ्या वाजवत होते, का ते माहीत नसताना.

ती तुमची शेवटची फेरी ठरली. पूर्ण झालेली फेरी. हे मी स्वतःला रोज सांगतो. कुणी हरवलेलं राहिलं नाही, कुणी वाटेत बसून राहिलं नाही.

नंतर गादीवर पडून तुम्ही वाद पुन्हा काढलात. 'एक माणूस सापडला म्हणून सरळ गल्ली चांगली ठरत नाही. तो माझ्या वाकड्या गल्लीत सापडला.' मी म्हटलं, 'सापडला तो माझ्या सरळ डोक्याने.' तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मग तसंच म्हणालात, 'चालवून दाखव.' तेव्हा मी हो म्हणायच्या ऐवजी उशी सारखी केली. तुम्हाला कुठे न्यायचं आता, असं मनात आलं. एवढं एक हो माझ्याकडे राहिलं आहे.

तुम्हाला नेलं तेव्हा मी शेवटी चाललो. तुमच्याकडे माणसाला फार लवकर नेतात, खांदेकरी जवळजवळ धावतात. मला वाटलं होतं की अरुंद गल्ल्यांतून हे कसं व्हायचं. पण पुढे जसजसे तुम्ही जात होतात तसतशा गल्ल्या मोकळ्या होत होत्या. गाढववाल्यांनी गाढवं दारांत ओढून धरली. तांबटांचा चौक पुन्हा गप्प झाला, त्या दिवसासारखा. दुकानदार उठून चार पावलं खांदा देत आणि पुन्हा दुकानावर जात, पुढच्या वळणावर दुसरे उभे असत. तुमच्या पुतण्याने मागे वळून मला हाक मारली, त्याला भ म्हणता येत नाही, 'बिकन, तू शेवटी काय करतोस? ये.' मी गेलो. एक गल्लीभर खांदा दिला. मग पुन्हा मागे आलो. तुम्ही पुढे होतात, म्हणजे शेवटी कुणीतरी पाहिजे होतं.

आईला फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, 'खांदा दिधा का रे त्यास्ले?' म्हटलं, दिला. म्हणाली, 'मंग बरं शे.'

आता पुढे तुमचा पुतण्या चालतो. बिल्ला त्याच्या गळ्यात. त्याला मीच सांगितलं की मागची जागा माझी. पिंपळनेरहून, जळगावहून फोन येतात. नाना तिकडे गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलेत की फेझला आपली पाच नंबर गल्ली आहे, आणि सहावी चोरीला गेलीये. येणारे लोक ती बघायला मागतात. आम्ही दाखवतो. भट्टीपाशी थांबतो, लल्ला झोर असली तर भाकरी मिळते. तुमची पांढरी टोपी तिने लाल टोपीशेजारी खुंटीला लावली आहे. भीती माझी गेली नाही. अजून प्रत्येक वळणावर डोकी मोजतो. पण आता वाटतं की हे कामच घाबरणाऱ्याचं आहे.

परवा लल्ला झोरने विचारलं. खुर्च्या पुसत होती, सहज विचारलं. 'ती गल्ली खरंच आहे?'

'खरंच आहे.'

'वळत नाही?'

'नाही वळत.'

'चढ?'

'चढ नाही. उतार पण नाही.'

तिने फडकं बाजूला ठेवून गुडघ्यावर हात ठेवला. ती फेझच्या बाहेर फार गेलेली नाही, तुम्हाला माहीत आहे. 'मग मला जमेल,' म्हणाली.

तेव्हा सी द्रिस, तुम्हाला द्यायचं राहिलेलं माझं ते हो मी तिला दिलं. एक ना एक दिवस मी लल्ला झोरला धुळ्याला नेईन. कसं ते अजून मला माहीत नाही, पण नेईन. सकाळच्या वेळी, दारं उघडायच्या सुमाराला, गल्ली नंबर एकपासून. तिला वाटेल तिथे ती थांबेल, कुणाच्या ओट्यावर बसेल, कुणाशी गुडघ्यांबद्दल बोलेल. पाचात नाना दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेले असतील. तिथून तिला सहावीही दाखवीन. आपला वाद मग तीच मिटवेल, आणि ती जे म्हणेल ते मला मान्य आहे. ती पुढे चालेल. मी मागे.